रेणुकेची वाळूची घागर आणि चित्तवृत्ती : आपल्याकडचे शब्द, पोथीतले शब्द

शहापूरची रेणू

नमस्कार मंडळी.

बेळगावात शहापूर भागात मी सकाळी सहाला बायकांचा योगवर्ग घेते. तीसेक जणी येतात. निम्म्यांच्या घरात मराठी, निम्म्यांच्या घरात कन्नड, आणि दोन्ही भाषा कळत नाहीत अशी एकही नाही. आसनं, प्राणायाम झाले की शेवटची दहा मिनिटं एक शब्द घेऊन बोलायचं, असं दिवाळीपासून ठरवलंय. चित्त, वृत्ती, क्लेश, प्राण, ईश्वर असे शब्द. पुढं त्याचं दोन पानी टिपण करून सगळ्यांना द्यायचं आहे, एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला कन्नड.

मागच्या आठवड्यात पतंजलींच्या दुसऱ्या सूत्रावर आले. योगश्चित्तवृत्तिनिरोधः, म्हणजे मनाच्या हालचाली थांबणं हा योग. मी नेहमीचाच दाखला दिला. तळ्याचं पाणी, त्यावरचे तरंग, तरंग शमले की तळ दिसतो. सगळ्यांनी माना हलवल्या, पण कुणाच्या आत काही उतरलंय असं वाटलं नाही. मग मागच्या रांगेतून सौंदत्तीकडच्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे रेणुकेची घागर की ओ बाई. मन ठाम हुतं तवर वाळूची घागर उभी ऱ्हायली. मन हाललं, वाळू ढासळली."

मला पुढं बोलताच येईना. आमचं कुलदैवत सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजे रेणुकाच, माझं नाव रेणुका, आणि इतकी वर्षं शिकवताना हा दाखला मला एकदाही सुचला नव्हता. वर्गातल्या सगळ्या जणी मात्र एकदम बोलायला लागल्या. कुणी चौंडक्यावरचं (देवीच्या गाण्यांच्या साथीचं वाद्य) गाणं आठवलं, कुणी आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. त्या दिवशी वर्ग पाऊण तास लांबला.

आता टिपण नव्यानं लिहावं म्हणते. पोथीतल्या प्रत्येक शब्दाशेजारी आपल्या भागातला देव, गोष्ट किंवा शब्द ठेवायचा. पण चुकीचं काही लिहायचं नाही. देवीच्या नावानं मागतात तो जोग आणि योग हे खरंच एक आहेत का? पतंजलींचा ईश्वर आणि आपले देव यांचं नातं काय? आणि रेणुकेची गोष्ट या सूत्राला खरोखर लागू पडते का? जाणत्यांनी सांगा.

मलप्रभाकाठ

रेणूताई, धागा वाचून आजीची आठवण आली. आमचं गाव खानापूर तालुक्यात. मलप्रभा कणकुंबीला उगवते, ती पुढं सौंदत्तीला जाते, म्हणून आजी म्हणायची, "हे आमच्याकडचंच पाणी आईच्या पायाला लागतंय."

ती गोष्ट अशी सांगायची : रेणुका पहाटे नदीवर जायची ती रिकाम्या हातानं. काठची ओली वाळू घ्यायची, तिचीच घागर घडवायची. भाजलेली नाही, सुकवलेली नाही. डोक्यावर चुंबळ म्हणून जिवंत नाग वेटोळं घालून बसायचा. त्या घागरीतून जमदग्नींच्या पूजेचं पाणी आश्रमात यायचं. एक दिवस पाण्यात गंधर्व खेळताना दिसले, तिची नजर क्षणभर तिथं अडकली, आणि वाळू काही केल्या जमेना. नागही निघून गेला.

आजी एक गोष्ट ठासून सांगायची : घागर रोज नवी. कालची आज चालत नाही. तुमच्या टिपणात हे यायला हवं असं मला वाटतं. आणि रेणू म्हणजे वाळूचा, धुळीचा बारीक कण. नावातच सगळी गोष्ट आहे.

शब्दांचा माग

जोग आणि योग, शब्द म्हणून एकच. संस्कृतातला सुरुवातीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, यवाचा जव झाला, यज्ञोपवीताचं जानवं झालं. तसाच योगाचा जोग. त्यावरून जोगवा, जोगतीण (देवीला वाहिलेली बाई), जोगेश्वरी.

पण यल्लम्मातला 'य' या वाटेनं आलेला नाही. मूळ कन्नड नाव एल्लम्मा. कन्नडमध्ये शब्दाच्या आरंभीचा 'ए' बोलताना 'ये' होतो, तो आपण ऐकला आणि लिहिला. एल्लर अम्मा, म्हणजे सगळ्यांची आई, असा अर्थ लोक सांगतात. खंडोबाचा येळकोटही तसाच. मैलारलिंगाच्या, म्हणजे कन्नड मुलखातल्या खंडोबाच्या, जत्रेत कन्नड भक्त 'एळु कोटि' म्हणतात, सात कोटी. तेच आपण जेजुरीला आणि मंगसुळीला येळकोट म्हणून गर्जतो. बेळगावकडच्या माणसाला हे शब्द फोडून सांगावे लागत नाहीत, पण पुण्यामुंबईच्या कितीतरी खंडोबाभक्तांना त्यात कन्नड आकडा आहे हे ऐकून नवल वाटतं.

शब्द एक असला तरी अर्थ एक असेलच असं नाही. ते दुसरं कुणी सांगेल.

अध्यापक टिळकवाडी

निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. जरा लांब लिहितो, विषयच तसा आहे.

आधी योग शब्द. 'युज्' धातू पाणिनीच्या धातुपाठात एकाहून अधिक ठिकाणी येतो. एक जोडणे या अर्थाचा, एक समाधी या अर्थाचा. हल्ली सगळीकडे 'योग म्हणजे जोडणं, जीव आणि शिव यांचं मिलन' असं सांगतात. भक्तिमार्गात, नाथपंथात ते बरोबर आहे. पातंजल योगात नाही. व्यासभाष्य, योगसूत्रांवरची जुनी टीका, पहिल्याच सूत्रावर सांगतं की योग म्हणजे समाधी. भोजराजाच्या वृत्तीच्या (योगसूत्रांवरच्या टीकेच्या) आरंभी तर पतंजलींची स्तुतीच अशी आहे की त्यांनी पुरुष (चेतन द्रष्टा) आणि प्रकृती (जड दृश्य) यांच्या वियोगाला योग म्हटलं. गीतेच्या सहाव्या अध्यायातही दुःखाच्या संयोगाचा वियोग, त्याला योग म्हणावं असं आहे. म्हणजे पतंजलींकडे द्रष्टा दृश्यापासून सुटतो, आणि जोगव्यात भक्त देवीशी बांधला जातो. दोन्ही दिशा वेगळ्या आहेत. टिपणात त्या एक करू नका.

ईश्वराचंही तसंच. सांख्यांनी पंचवीस तत्त्वं मोजली. पुरुष, प्रकृती, महत्, अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच तन्मात्रा, पाच महाभूतं. यात देव नाही. योगानं सव्विसावा ईश्वर मानला, म्हणून त्याला सेश्वर सांख्य म्हणतात. पण हा ईश्वर जग घडवत नाही, नवसाला पावत नाही. क्लेश, कर्म, कर्माचं फळ आणि त्यांचे साठलेले संस्कार यांचा ज्याला कधी स्पर्शच झाला नाही असा तो पुरुषविशेष. त्याचं नाव प्रणव, म्हणजे ओंकार. त्याला शंकर किंवा विष्णू ठरवण्याची घाई करू नये.

मग आपल्या यल्लम्मेला, खंडोबाला, मायाक्काला पातंजल योगात जागाच नाही का? आहे, आणि फार सुंदर जागा आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं (प्रकरणातलं) चव्वेचाळिसावं सूत्र : स्वाध्यायादिष्टदेवतासंप्रयोगः. स्वाध्यायानं इष्टदेवतेशी भेट होते. स्वाध्यायात जप येतो. कोणती देवता ते सूत्र सांगत नाही, ज्याची जी इष्ट ती. वर्गातल्या बायकांना हे सूत्र जरूर सांगा.

घागरीच्या गोष्टीबद्दल उद्या लिहितो, ग्रंथ काढून पाहायला हवा.

अथणीकर

अध्यापक सरांच्या 'इष्ट' शब्दावरून. आमचं घर लिंगायत, बोलणं दोन्ही भाषांत. इष्टलिंग आणि इष्टदेवता यांची गल्लत बरेच मराठी मित्र करतात, म्हणून लिहितो. इष्टलिंग गुरूकडून दीक्षेत मिळतं, अंगावर असतं, ते देवळातल्या मूर्तीची छोटी प्रत नव्हे. पूजेत डाव्या तळहातावर ठेवून त्यावर नजर स्थिर करतात. बाहेरचं इष्टलिंग, आतलं प्राणलिंग, त्याही पलीकडचं भावलिंग. आणि साधकाच्या सहा पायऱ्या, षट्स्थल : भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य. शेवटची पायरी ऐक्य आहे, म्हणजे शिवयोग जोडणारा योग. सर म्हणतात तसा पतंजलींचा वेगळा.

रेणूताईंच्या वर्गात लिंगायत बायका असतीलच. धारणा हा शब्द समजवायला त्यांना तळहातावरच्या इष्टलिंगाचं उदाहरण द्या. लगेच कळेल, त्या रोज तेच करतात.

हिरण्यकेशी

सगळं वाचलं. एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कृपया रागावू नका.

जोग म्हणजे योग असं लिहून त्यावर चांगला रंग चढवू नका. मी संकेश्वर भागातली. आमच्या गल्लीत एक मावशी होत्या, लहानपणी मुत्तू (देवीला वाहताना गळ्यात बांधतात ते मणी) बांधलेल्या. घरात पोरगं होत नव्हतं, केसात जट आली होती, म्हणून पोरीला देवीआईला वाहिली. वय होतं नऊ. पुढं तिचं काय झालं ते इथं लिहीत नाही. म्हातारपणी दर मंगळवारी शुक्रवारी परडी घेऊन दारोदार फिरायच्या. आम्ही पोरं मागं पळायचो, त्या भंडारा लावायच्या आमच्या कपाळाला. कर्नाटकात देवदासी समर्पण बंदीचा १९८२ चा कायदा आला. मावशींचं आयुष्य तोवर होऊन गेलं होतं.

केसात जट येते ती तेल-पाणी, फणी न मिळाल्यानं, देवीच्या बोलावण्यानं नाही, हे आजही काही घरांत सांगावं लागतं. तुमच्या वर्गात चाळीस-पन्नास वर्षांच्या बायका आहेत. त्यातल्या एखादीच्या घरात हे घडलेलं असेल. 'जोगतीण म्हणजे योगिनी' हे वाक्य तिला कसं लागेल याचा विचार करा.

आणि गोष्टीतही तेच आहे. एका बाईची नजर क्षणभर हलली आणि तिचं डोकं उडवलं. हे योगाचं उदाहरण म्हणून कसं सांगणार?

शहापूरची रेणू

हिरण्यकेशीताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलंत ते वाचून काल रात्री झोप आली नाही. टिपणाच्या कच्च्या मसुद्यात मी खरंच 'जोगतीण = योगिनी' असं लिहिलं होतं. ते काढून टाकलं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. अध्यापक सरांची वाट बघते.

सदलग्याचा

मधेच एक. आमच्या भागात चिंचलीची मायाक्का मोठी, माघात जत्रा, कर्नाटक-महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसं येतात. मायाक्काच्या नावानं चांगभलं! वेदांतात माया म्हणजे भुलवणारी, आणि आमची मायाक्का तर सांभाळणारी. हे कसं जुळवायचं?

शब्दांचा माग

सदलगेकर, जुळवू नका. मराठीतच 'माया' दोन अर्थांनी जगते. 'जग ही माया आहे' असं कीर्तनकार म्हणतो आणि 'आजीची लई माया' असं आपण म्हणतो. एक शब्द वेदांतातून आला, दुसरा चुलीपाशी वाढला. त्यात अक्का जोडलं ते कन्नड-मराठी दोघांचं, थोरली बहीण. टिपणात मायेच्या दोन ओळी करा, दोन्ही खऱ्या आहेत.

असंच लक्ष्मीचं. बेळगाव तालुक्यातल्या गावांत कित्येक वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरते, माहेरवाशिणी येतात, अख्खं गाव पाहुण्यांनी भरतं. ही गावाची ग्रामदेवता, सीमेची राखण करणारी. तसबिरीतली कमळावरची विष्णुपत्नी तीच, असं धरून चाललं तर यात्रेतली निम्मी कर्मं समजणार नाहीत.

अध्यापक टिळकवाडी

ग्रंथ पाहिला. हिरण्यकेशीताईंचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील.

महाभारताच्या वनपर्वात रेणुका स्नानाला जाते, चित्ररथ राजाला पत्नींसह जलक्रीडा करताना पाहते, तिचं मन ढळतं. जमदग्नी एकेका मुलाला आईला मारण्याची आज्ञा करतात. रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु हे चौघे ऐकत नाहीत आणि शापानं जड होतात, पाचवा परशुराम ऐकतो, आणि मग वर मागताना आईला जिवंत करा, तिला यातलं काही आठवू नये, भाऊ पूर्ववत व्हावेत असं मागतो. वाळूची घागर तिथं नाही. ती लोककथेनं घातली. म्हणजे मन एकाग्र असण्याची खूण काय, हा प्रश्न ज्यांना पडला, त्यांनी वाळूची घागर कल्पिली. ज्या आजींनी वर्गात ती आठवली त्या या परंपरेतल्याच.

आता योगसूत्रं. तिसऱ्या पादात धारणा, ध्यान, समाधी. चित्त एका जागी बांधणं ही धारणा. तिथं एकच प्रत्यय (जाणीव) अखंड वाहणं हे ध्यान. वाळूचे कण वेगवेगळे आहेत, त्यांना घागरीचा आकार ज्यानं धरून ठेवला ते अखंडपण. दाखला लागू पडतो. मात्र वाळूची घागर उभी राहणं ही सिद्धी झाली, आणि सिद्धी समाधीच्या वाटेत उपसर्ग, म्हणजे विघ्नं, आहेत असं पतंजली त्याच पादात बजावतात. तेव्हा घागर हे साध्य म्हणून सांगू नका, खूण म्हणून सांगा.

आणि नजर हलली त्याचं काय? पहिल्या पादातलं तिसावं सूत्र पाहा. चित्ताचे नऊ विक्षेप मोजलेत : व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. शेवटचा शब्द आपला. अनवस्थितत्व म्हणजे भूमिका गाठली, पण तिथं टिकता आलं नाही. रेणुकेचं नेमकं हेच झालं. पतंजली याला अंतराय म्हणतात. अंतराय म्हणजे वाटेतला अडथळा. पाप म्हणत नाहीत, शिक्षा सांगत नाहीत. दोनच सूत्रांनंतर उपाय देतात : एकतत्त्वाभ्यास, एकच तत्त्व धरून पुन्हा अभ्यास. आणि अभ्यास कसा, तर दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं केलेला. मलप्रभाकाठ यांच्या आजी 'घागर रोज नवी' म्हणत ते हेच.

परशू उचलला तो ऋषीच्या क्रोधानं. आणि क्रोध हा पतंजलींच्या हिशेबात द्वेष या क्लेशाचाच आविष्कार. म्हणजे त्या आश्रमात त्या दिवशी दोन चित्तं ढळली. रेणुकेचं क्षणभर. जमदग्नींचं किती वेळ, ते गोष्टच सांगते.

हिरण्यकेशी

सर, तुमचा शेवटचा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला. माझ्या मनात असा विचार कधी आला नव्हता. एवढं टिपणात आलं तर माझी हरकत नाही, उलट यायलाच हवं.

अनगोळ नाका

छान चाललाय धागा. थोडी भर. ज्यांना हे सगळं जुळवून वाचायचं आहे त्यांनी हिंदवाडीतल्या गुरुदेव रानडे मंदिराची वाट जरूर धरावी. गुरुदेव (१८८६–१९५७) जमखंडीचे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि निंबाळला राहून नामाचा नेम करणारे साधक. त्यांच्या इंचगेरी संप्रदायात कन्नड घरांत दासबोध वाचतात, मराठी अभंग आणि कन्नड पदं एकाच बैठकीत म्हणतात. माझ्या सासुरवाडीला रोज संध्याकाळी हे ऐकतो. तिथला 'नेम' हा शब्द संस्कृत 'नियम' या शब्दावरून आलाय, फक्त त्यात पतंजलींच्या पाच नियमांऐवजी एकच, ठरल्या वेळी नाम.

आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय विसरू नका. तिथं कुंडलिनीला माउलींनी जगदंबा म्हटलं आहे. योगातला शब्द आणि देवी, दोन्ही एका ओवीत.

मलप्रभाकाठ

अनगोळ नाका, ज्ञानेश्वरीची आठवण केलीत ते बरं झालं. नाथबाबांनी, म्हणजे संत एकनाथांनी, जोगव्याचंही असंच केलं, परडी बोधानं भरली. पण ते रूपक आहे, हे हिरण्यकेशीताईंच्या मावशींच्या परडीशेजारी ठेवूनच वाचायला हवं.

शहापूरची रेणू

सगळ्यांचे आभार. टिपणातल्या तीन नोंदी इथं टाकते, चुकलं असेल तर सांगा.

धारणा : चित्त एका जागी बांधणं. जसं तळहातावरच्या इष्टलिंगावर नजर. जसं वाळू हातात घेताना रेणुकेचं मन.

अंतराय : वाटेतला अडथळा. मन टिकलं नाही तर तो दोष नव्हे, अडथळा. उपाय, तेच पुन्हा धरणं. रेणुकेचं मन एक क्षण हललं, हा अंतराय. तिला झालेली शिक्षा हा योग नव्हे.

जोग : शब्द योगावरूनच आला. अर्थ वेगळा, देवीशी बांधलं जाणं. या नावाखाली लहान मुलींना वाहण्याची चाल होती, कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद.

काल हे वर्गात वाचून दाखवलं. सौंदत्तीच्या आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमी मधलं सोडलासा." मग त्यांनी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. घागर फुटल्यावर जमदग्नींनी शाप दिला, रेणुकेच्या अंगावर कोड उठलं, ती रानात गेली. तिथं तिला दोन साधू भेटले, एकय्या आणि जोगय्या. कुणी एकनाथ, जोगनाथ म्हणतात. त्यांनी तिला कुंडात न्हायला सांगितलं, लिंगाची पूजा करायला सांगितली, आणि आसपासच्या घरी जाऊन कोरान्न मागून आणायला सांगितलं. रोज तेच. अंग बरं झालं, मग ती घरी परतली. परशूची गोष्ट त्याच्या नंतरची. डोंगराखालची जोगुळबावी ती हीच जागा, आणि जोगवा मागायचा तो तिथून, असं आजी म्हणाल्या.

म्हणजे एकतत्त्वाभ्यास गोष्टीतच होता. अध्यापक सर, जोगवाची नोंद आता कशी लिहू?

अध्यापक टिळकवाडी

आजींनी सांगितली तशीच, त्यांच्या शब्दांत. कन्नड बाजूला त्यांच्याकडूनच लिहवून घ्या.